आधी जेब, मग चेहरा

लोधीपुऱ्यातल्या गोविंदभाऊंकडे फोटो काढून घ्यायचा, तर आधी खिसे उलटे करून दाखवावे लागत. कोट असो, सदरा असो, बंडी असो, आतलं अस्तर बाहेर लोंबल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. पैसे चालत, पानाची चंची चाले. एका पहिलवानाच्या खिशातून उकडलेलं अंडं निघालं, तेही चाललं. फक्त दगड चालत नसे. "आधी जेब दाखवा, मग चेहरा," असं ते प्रत्येकाला सांगत, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असे की हसायची सोय नव्हती.

आता कुणी म्हणेल, फोटो काढायला जाताना खिशात दगड कोण नेतं? मी नेले होते. मी हायस्कुलात सायन्स शिकवायचो. राजघाटावर फिरायला गेलो की तापीच्या पात्रातले दोन-चार गोटे खिशात टाकायचे, ही माझी जुनी खोड. त्या दिवशी कोटातून तीन निघाले. गोविंदभाऊंनी ते चिमट्यानं उचलले. हो, चिमट्यानं, मेलेला विंचू उचलावा तसे. रस्त्याच्या पार पलीकडे नेऊन टाकले, परत येऊन साबणानं हात धुतले आणि मला म्हणाले, "मास्तर, शिकलेसवरलेले दिसता. मग खालीपिली दगडं घेऊन कशाला फिरून राहिले?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. मी म्हणालो, "तुमचा फोटो नको आणि तुमची झडतीही नको." आणि तणतणत सिंधीपुऱ्यातल्या माझ्या खोलीवर परत आलो. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खिशांनी निमूट पुन्हा गेलो, कारण फोटोवाचून माझं अडलं होतं.

ते दिवस राज्यांच्या वाटणीचे होते. आमचा जुना प्रांत मोडून नवी राज्यं होत होती. माझं गाव अमरावतीकडचं, ते मुंबई राज्यात चाललं होतं. नोकरी बऱ्हाणपुरात, ते मध्य प्रदेशात राहत होतं. कचेरीनं आम्हा मास्तरांकडून लिहून मागितलं होतं, इकडं राहता की तिकडं जाता, आणि वर प्रत्येकाचा फोटो मागितला होता. त्यामुळे गोविंदभाऊंच्या दारात आम्हा नोकरदारांची रांग. रांगेत एकच चर्चा चाले, "बऱ्हाणपूर कुठं चाललं हो शेवटी?" गोविंदभाऊ काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून म्हणत, "कुठंच नाही. हलू नका."

माझा फोटो निघाला. त्यात मी चिडलेला आहे. नोकरीभर सरकारदरबारी मी तसाच चिडलेला राहिलो.

त्यांची दुसरी तऱ्हा म्हणजे, घेतलेली प्लेट ते तासभरही तशी ठेवत नसत. त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर घ्यायचे. इतर फोटोवाले दिवसभराच्या प्लेटा साठवून एकदम धुवायचे. हे मात्र एक चेहरा घेतला की लगेच अंधाऱ्या खोलीत पळत, प्लेट धुवून बाहेर आणत आणि गिऱ्हाइकाला दाखवूनच सोडत. "आजचा चेहरा आजच धुवायचा. उद्याचं काय खरं आहे?" एकदा एका नव्या जोडप्याला त्यांनी असं बसवून ठेवलं, आणि तिकडे गावाबाहेर लालबागला, बऱ्हाणपूरच्या स्टेशनावर, त्यांची गाडी निघून गेली. नवरदेवाचा मामा भांडायला आला. गोविंदभाऊ शांतपणे म्हणाले, "गाडी उद्याही येईल, मामा."

आणि ती अंधारी खोली तरी कुठं? पुढं स्टुडिओ, मधे अंगण, अंगणाच्या डाव्या हाताला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला लागून एक चांगली थंडगार खोली रिकामी पडलेली. ती सोडून हे गृहस्थ अंगणाच्या पार टोकाला, जुन्या गोठ्यावर पत्रे टाकून त्यात प्लेटा धुवत. उन्हाळ्यात आत शिरलं की माणूस उकडून निघे. मी विचारलं, "ही जवळची खोली काय वाईट आहे?" तर म्हणाले, "तिथं वारं येतं." त्या खोलीला खिडकीच नव्हती.

पण खरी कमाल पुढंच आहे. त्या घरात नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. दोघं भिंतीशी बोलत.

वहिनी, म्हणजे गोविंदभाऊंची बायको, चहा घेऊन येत आणि स्टुडिओच्या चुना उडालेल्या भिंतीकडे बघून म्हणत, "अगं भिंती, सांग त्यांना, चहा झाला." गोविंदभाऊ तितक्याच गांभीर्यानं भिंतीला सांगत, "भिंती, सांग तिला, साखर कमी आहे." "भिंती, सांग, साखर संपली. आणायची कुणी?" अशी ती त्रिस्थळी यात्रा चाले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरून बाहेर आलो. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या, पण भिंत मधे घालणारी हीच पहिली.

घरी येऊन घरमालकांना हा किस्सा सांगितला. वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, त्यांना एक पोरगी होती."

शकू तिचं नाव. सहा वर्षांची होऊन गेली. बापानं सगळ्या गावाचे चेहरे काढले, पण पोरीचा एकही फोटो काढला नव्हता, कारण आईला भीती. फोटोनं आयुष्य कमी होतं, असं तेव्हा पुष्कळ बायकांना वाटायचं. सहा वर्षं वहिनींनी काढू दिला नाही. मग एका सणाला पोरीनंच हट्ट धरला, वहिनींनी मन घट्ट केलं आणि एक, फक्त एक प्लेट घेतली. नेमकी तेव्हा घरातली धुण्याची औषधं संपलेली. मुंबईहून पार्सल यायचं होतं. गोविंदभाऊंनी प्लेट काळ्या कागदात गुंडाळून ठेवली. म्हणाले, औषध आलं की धुतो. औषध यायच्या आत पोरगी तापानं गेली.

"आणि प्लेट?" मी विचारलं.

"पुढं तीन-चार महिन्यांनी बाईंनीच काढून दिली, धुवा म्हणून. याच्या हातून बिघडली. प्लेट लाल उजेडातच धुवायची असते, त्याऐवजी पांढरा दिवा लागला म्हणतो. सगळी काळी झाली. पोरीचा चेहरा तेवढाच होता, तोही गेला. त्या दिवसापासून बाई त्याच्याशी बोलली नाही. सहा वर्षं झाली."

नंतर मी त्या घरात भिंतीचा संवाद ऐकला की मान खाली घालून बसायचो. तरी जायचो मात्र रोज. एकट्या माणसाला कुणाच्या तरी घरचा चहा लागतोच.

तिथंच मला तो दगड दिसला.

अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराशी तुळस होती. तुळशीच्या बुंध्याशी एका वाटीत ओलं फडकं आणि त्यात लिंबासारखा पिवळा, किंचित हिरवट झाक असलेला मूठभर दगड. वहिनी रोज सकाळी तुळशीला पाणी घालत आणि उरलेलं या दगडाला. मी जवळ जाऊन पाहिलं आणि माझ्यातला सायन्स मास्तर ताठ उभा राहिला. दगडावर बारीक चौकोनी पापुद्रे होते, एकावर एक रचलेले, अभ्रकासारखे. नखानं टोकरलं तर कोपरा उडाला, इतका मऊ.

"पाणी कशाला घालता वहिनी?"

"सुकला की त्याचे पोपडे सुटतात, भाऊ. भुगा होतो," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ अभ्रकाच्या खाणीवर होता, लांब बिहारकडं. त्यानं शकूला खेळायला आणला. तिचा जीव होता याच्यावर. झोपताना हातात लागायचा." मग पदरानं वाटीची कड पुसत म्हणाल्या, "मी उशाशी ठेवत होते. मग भिंतीकडून निरोप आला, तुळशीपाशी ठेवला तर ओल राहील. ते एक बोलणं तेवढं अकलेचं."

मला रात्री झोप आली नाही. वर्तमानपत्रात त्या वर्षांत अणूशिवाय बात नव्हती. सरकारला युरेनियमचे दगड हवे आहेत, कुणाला सापडले तर कळवा, असं छापून येई. कॉलेजातलं माझं जुनं खनिजांचं पुस्तक ट्रंकेतून काढलं. लिंबासारखा पिवळा रंग, चौकोनी पापुद्रे, नखाइतका मऊ, कोरड्या हवेत आपलं पाणी सोडतो आणि ठिसूळ होतो. ऑट्युनाइट. युरेनियमचं फॉस्फेट, क्वचितच सापडणारं. त्यातून सतत किरण निघतात. ते काळ्या कागदातून आरपार जातात आणि फोटोच्या प्लेटवर उमटतात. मधे धातूची वस्तू ठेवली तर तेवढी जागा कोरी राहते.

इथवर वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, हे आधीच कबूल करतो. मला दिसत होतं फक्त माझं नाव. एका हायस्कूल मास्तरानं लोधीपुऱ्याच्या तुळशीत युरेनियम ओळखलं! पंधरा वर्षं पोरांच्या वह्या तपासून कुणी मला विचारलं नव्हतं. आता विचारतील.

मी चोरी केली. तुळशीत गळून पडलेले पापुद्रे वहिनींचं लक्ष नसताना काडेपेटीत भरले. शाळेच्या प्रयोगाला हवी म्हणून गोविंदभाऊंकडूनच काळ्या कागदात बांधलेली एक कोरी प्लेट विकत घेतली. खोलीवर येऊन त्या कागदावर ट्रंकेची लोखंडी किल्ली ठेवली, वर पापुद्रे पसरले आणि पंधरा दिवस हात लावला नाही. सोळाव्या दिवशी पापुद्रे परत काडेपेटीत, काडेपेटी खिशात, सरकारला लिहिलेलं पत्र दुसऱ्या खिशात, आणि प्लेट घेऊन लोधीपुऱ्यात हजर.

"धुवून द्या," मी म्हणालो.

"कोणाचा चेहरा आहे?"

"चेहरा नाही. गंमत आहे."

ते पत्र्याच्या खोलीत गेले. मी अंगणातल्या बाकावर मांडी हलवत बसलो. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. ओली प्लेट कडांनी धरलेली. सगळी काळी, आणि मधोमध किल्ली, दात्यांसकट, कोरी स्वच्छ.

"निघाली!" मी ओरडलोच.

"हळू," ते म्हणाले. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला वाटलं, यांना चक्कर येतेय. "मास्तर, जेब दाखवा."

मी काडेपेटी काढून दिली. त्यांनी उघडून पाहिली आणि लगेच मिटून बाकावर ठेवली.

मला आता राहवेना. युरेनियम, किरण, काळा कागद, लोखंड, सगळं एका दमात सांगितलं. आणि सांगता सांगताच, अहो, तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. "गोविंदभाऊ! म्हणजे शकूची प्लेट! ती या दगडाजवळ होती का? तुमचा हात चुकलाच नव्हता. अहो, तुम्ही सुटलात!"

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सहा वर्षं ठाऊक आहे."

मी बाकावर सरकून त्यांना जागा केली.

ते माझ्याशेजारी बसले. प्लेट मांडीवर उपडी ठेवली. "पंचवीस वर्षांत हा हात चुकला नाही, मास्तर. शकूची प्लेट मी लाल दिव्यातच धुतली. काळी निघाली, आणि मधे गोल कडं कोरं. तिच्या चांदीच्या वाळ्याचं. मला समजेना. मग आठवलं, प्लेट होती गाठोड्यात. खाली प्लेट, वर वाळा, त्याच्यावर हा दगड. एक कोरी प्लेट घेतली, कात्री ठेवली, दगड ठेवला. कात्री निघाली."

"मग वहिनींना सांगायचं ना!"

"गाठोडं तिनं बांधलं होतं," गोविंदभाऊ म्हणाले. "पोरगी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. फ्रॉक, वाळा, फोटोची प्लेट, दगड. 'पोरीचं सगळं एका जागी राहू द्या,' म्हणे. आपल्या हातानं दगड वर ठेवला, आणि वरून गाठ मारली. आता तिला काय सांगू? की बाई, तूच तुझ्या हातानं पोरीचा चेहरा पुसला? मग मी म्हटलं, माझ्या हातून झालं. प्लेट उघडली, वाळा वरच राहिला होता, चुकून पांढरा दिवा लागला. तिनं मानलं." थोडं थांबून म्हणाले, "माझ्यावर रागावून का होईना, ती जगून तर राहिली."

मला त्या क्षणी माझी सगळी विद्या नकोशी झाली. मी म्हणालो, "आणि हा दगड? तो तरी फेकायचा."

"तो फेकला तर तिच्याजवळ काय राहिलं? रोज सकाळी उठायला तेवढं एकच कारण आहे तिला. मीच लांब राहतो. प्लेटाही लांब ठेवतो. लोकांच्या खिशात काय असेल, काय भरवसा? माझ्याकडं आलेला दुसऱ्या कोणाचा चेहरा जाऊ नये." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचे हात औषधांनी पिवळे पडलेले, गार. "मास्तर, तुम्ही सायन्सचे. एक खरं सांगा. ताप याचा तर नव्हता? रोज हातात घेऊन झोपायची ती."

सहा वर्षं हा माणूस हेही पोटात घेऊन बसला होता.

"नाही हो," मी म्हणालो. "एवढ्याशा दगडानं ताप येत नाही. त्या पावसाळ्यात लोधीपुऱ्यात घरोघरी मुदतीचा ताप होता, माझ्या घरमालकांनी सांगितलं मला. दगडाचा संबंध नाही." मला जेवढं ठाऊक होतं तेवढं हे खरं होतं, आणि ते मी दोनदा सांगितलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं भिंती, सांग मास्तरांना, चहा..."

वहिनी थांबल्या. प्लेट घसरून गोविंदभाऊंच्या मांडीवर सुलटी झाली होती. काळी काच आणि मधे कोरी किल्ली. वहिनींनी कपबशा बाकावर ठेवल्या, प्लेट उचलली आणि आभाळाकडं धरून पाहिली.

"ही पण काळी," त्या म्हणाल्या. "आणि हिच्यातही मधे तसंच. तिच्यात वाळा होता, हिच्यात किल्ली." त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुम्ही सायन्स शिकवता. मला अडाणीला समजेल असं सांगा. अशी प्लेट कशानं होते?"

गोविंदभाऊ जमिनीकडं बघत होते. त्यांनी मला खूण केली नाही, डोळे वर केले नाहीत. तुळशीपाशी तो दगड ओल्या फडक्यात पिवळाधमक दिसत होता. माझ्या खिशात ते पत्र होतं. खरं सांगायचा मला पगार मिळतो, वहिनी, असं मनात आलं.

"माझ्या हातानं झालं," मी म्हणालो. "शाळेत प्लेट उघडी पडली. वर किल्ली होती, तेवढ्यापुरता उजेड अडला. बाकी सगळी गेली."

"तुमच्या हातानं?"

"हो."

"तुम्ही एवढे शिकलेले, तरी?"

"शिकलेल्याच्या हातूनही होतं वहिनी. पापणी लवते तेवढ्यात होतं. कळतसुद्धा नाही. मागून नुसतं रडत बसायचं."

वहिनींनी ती प्लेट पुन्हा एकदा पाहिली. मग पदरानं तिच्या कडा पुसून माझ्या हातात दिली, जपून, जणू तिच्यावर कुणी होतं. चहावर साय धरली.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, मला म्हणाल्या. मी वर पाहिलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, भिंतीकडंही नाही.

"अहो, चहा घ्या. निवून राहिला."

गोविंदभाऊ एकदम उठून उभे राहिले. कप उचलला, बशी हातातून सुटता सुटता राहिली. सहा वर्षांची सवय. त्यांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला म्हणाले, "भिंती, सांग तिला... घेतो म्हणावं."

"भिंतीला काय सांगता?" वहिनी म्हणाल्या. "मी इथं उभी आहे ना."

मी माझा चहा तसाच टाकून उठलो. जाताना बाकावरची काडेपेटी घेतली, तुळशीपाशी जाऊन ते पापुद्रे वाटीत परत टाकले आणि तांब्यातलं थोडं पाणी दगडावर घातलं. पत्र वाटेतच फाडलं. मागं वळून पाहिलं नाही.